पाऊण इंच

क्लच इंजिनाची ताकद गिअरबॉक्सपर्यंत जाऊ देतो आणि पेडल दाबलं की ती तोडतो. त्या पेडलचा फ्री प्ले पायाने नाही, हाताने मोजायचा असतो. एवढी साधी गोष्ट कळायला मला दोन वर्षं लागली.

पट्टी पेडलच्या बाजूला उभी धरायची, पेडल जिथे विसावलं आहे तिथे खडूने खूण करायची आणि तळहाताने पेडल सावकाश खाली न्यायचं. सुरुवातीला ते हलकं जातं, फक्त रिटर्न स्प्रिंगचा विरोध लागतो. मग एका जागी हाताखालचं वजन बदलतं. आत रिलीज बेअरिंग, म्हणजे क्लच सोडवायला पुढे सरकणारं बेअरिंग, प्रेशर प्लेटच्या (क्लच प्लेटला दाबून धरणाऱ्या तबकडीच्या) बोटांना जाऊन टेकलेलं असतं आणि इथून पुढे क्लचच्या स्प्रिंगांशी गाठ असते. हलकं जिथे संपतं तिथपर्यंतचं अंतर म्हणजे फ्री प्ले. आमच्या गाडीच्या पुस्तकात तो पाऊण इंच दिला आहे. आमच्या गाडीत तो पाऊण इंचच होता. दोन वर्षांत जितक्या वेळा मोजला तितक्या वेळा पाऊण इंच, फार तर पट्टीवरची एखादी रेघ इकडे-तिकडे. आणि या दोन वर्षांत आमचा क्लच कधी सरळ चालला नाही.

गाडी म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली जीप. तिला ट्रक म्हटलं की लोक हसतात, पण सैन्याच्या कागदांत ती ट्रकच आहे: पाव टनी, फोर बाय फोर ट्रक. टीएम ९-८०३ या तिच्या देखभालीच्या पुस्तकावर २२ फेब्रुवारी १९४४ ही तारीख आहे आणि मुखपृष्ठावर याच नावाने तिची ओळख करून दिली आहे. विलीजने एमबी बनवली, फोर्डने जीपीडब्ल्यू बनवली, दोघांच्या मिळून सहा लाखांहून जास्त गाड्या निघाल्या. या दोन कारखान्यांचे सुटे भाग एकमेकांच्या गाडीला बसले पाहिजेत ही सैन्याची अट होती, आणि ते बसतात. फोर्डने तर आपल्या बोल्टांच्या डोक्यांवरसुद्धा ‘एफ’ हे अक्षर उठवलं होतं. आमच्या गाडीची चॅसिस फोर्डची आहे, इंजिन विलीजचं, आणि बोल्ट अर्धे-अर्धे. किती हातांखालून गेली असेल त्याचा हिशेब लागत नाही. मला ते आवडतं. एकाच कारखान्यातून जशी निघाली तशीच राहिलेली गाडी मौल्यवान असेल, पण जिच्यात दोन कारखाने एकत्र नांदतात ती खरोखर कामाला लागलेली गाडी असते.

माझा भाऊ आणि मी, दोघांची मिळून ती आहे. दादा चालवतो, मी खाली झोपते. हे कधी ठरवलं नाही, आपसूक झालं. त्याला इंजिनाच्या आवाजावरून गाडीचा मूड कळतो. मला खालून वर बघितल्याशिवाय काहीच कळत नाही.

क्लचचं दुखणं पहिल्या गिअरपासून सुरू झालं. या गाडीचा गिअरबॉक्स तीन गिअरांचा. दुसऱ्या आणि तिसऱ्याला सिंक्रोमेश आहे (दात जुळण्याआधी दोघांचा वेग सारखा करणारी रचना), पहिल्याला आणि रिव्हर्सला नाही. त्यामुळे उभ्या गाडीत पहिला टाकताना थोडं खर्रर्र होणं यात दोष नाही. गाडी न्यूट्रलमध्ये चालू असताना गिअरबॉक्सच्या आतले शाफ्ट फिरत असतात, क्लच दाबल्यावर ते थांबायला दोन-चार सेकंद घेतात. थंड, घट्ट तेलात लवकर थांबतात, गरम होऊन पातळ झालेल्या तेलात उशिरा. म्हणून कसोटी अशी लावायची: न्यूट्रलमध्ये क्लच पूर्ण दाबायचा, मनात दहा आकडे मोजायचे आणि मग रिव्हर्स टाकून बघायचा. अलगद बसला तर क्लच सुटतो आहे, घाई तुमची होती. दहा मोजूनही दात ओरडले तर क्लच अर्धवट धरून आहे. आमच्याकडे वीस मोजले तरी ओरडत होते.

दादाने आधी केबल हाताळली. पेडलपासून क्लचपर्यंत ताकद पोहोचवणाऱ्या साखळीत या गाडीत शेवटी एक छोटी केबल येते. तिच्या एका टोकाला योक (पिन घालायचा दुशाखी तुकडा) असतो, आटे आणि लॉकनट असतात. लॉकनट सैल करून केबलला दोन फेरे दिले की ती आखूड होते, फोर्क (रिलीज बेअरिंगला ढकलणारा दांडा) आधीच थोडा ओढलेला राहतो आणि पेडल पूर्ण दाबल्यावर क्लच जास्त सुटतो. त्याने दोन फेरे दिले, पहिला गिअर लोण्यासारखा बसला, आम्ही खूश झालो. फ्री प्ले मोजला तर पाऊण इंच. पुस्तकात आहे तेवढाच.

काही महिन्यांनी चढावर तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनाचा आवाज वर गेला आणि गाडी मात्र होती त्याच वेगाने चालत राहिली. पाठोपाठ तो वास. क्लच प्लेटच्या जळक्या अस्तराचा वास ज्याने एकदा घेतला तो विसरत नाही. क्लच घसरत होता. दादाने केबल सैल केली. घसरणं थांबलं, पहिला गिअर पुन्हा ओरडायला लागला. मग पुन्हा थोडी घट्ट. मग पुन्हा थोडी सैल. त्या नटावर आमचे पाने इतक्या वेळा लागले की त्याचे कोपरे गोल झाले.

हे असं मागे-पुढे करताना आम्हाला एकच वाटत राहिलं की मधली एक अचूक जागा असणार, आम्हाला ती सापडत नाही एवढंच. तशी जागा नव्हतीच. पण ते कळायला आधी मला गाडीखाली जाऊन ती साखळी एकेक कडी करून बघावी लागली.

गाडीखाली जायच्या आधीचं एक सांगते, कारण यात हयगय चालत नाही. गाडी जॅकवर उचलून खाली शिरायचं नाही. पक्के स्टँड चॅसिसखाली, उरलेल्या चाकांना पुढून-मागून ठोकळे, आणि झोपण्याआधी गाडीला खांद्याने जोरात ढकलून बघायचं. ती हलली तर आपण शिरायचं नाही.

पेडलपासून सांधा न् सांधा मोजला तर ही साखळी अशी जाते. पेडल आपल्या शाफ्टवर फिरतं. त्याच्या खालच्या टोकापासून एक छोटी सळई आडव्या नळीच्या एका भुजेला जाते. ही आडवी नळी म्हणजे या गाडीतली सगळ्यांत सुंदर आणि सगळ्यांत त्रासदायक वस्तू. तिचं एक टोक चॅसिसवरच्या गोळ्यावर बसतं आणि दुसरं गिअरबॉक्सकडच्या गोळ्यावर. चॅसिस स्थिर, इंजिन-गिअरबॉक्स रबरी माउंटिंगवर हलणारे. दोघांमध्ये कडक सांधा केला असता तर इंजिन जरा डोललं की क्लच आपोआप ओढला गेला असता. म्हणून दोन्ही टोकांना गोळे, आत स्प्रिंग, धूळ अडवायला फेल्ट. इंजिनाने हवं तेवढं डोलावं, नळी फक्त फिरण्याचं काम करते. नळीच्या दुसऱ्या भुजेतून ती केबल फोर्ककडे जाते. फोर्क बेल हाउसिंगच्या (क्लचवरच्या घंटेसारख्या कवचाच्या) आत आणखी एका गोळ्यावर टेकून झुलतो आणि रिलीज बेअरिंगला पुढे ढकलतो. बेअरिंग प्रेशर प्लेटच्या तीन बोटांवर दाबतं. बोटं दाबली गेली की प्लेट सुटते.

“दादा, हाताने दाब. पायाने नको.”

“किती?”

“थांब म्हणेपर्यंत. अगदी हळू.”

मी प्रत्येक सांध्यावर पांढऱ्या रंगाची एक बारीक रेघ ओढून ठेवली होती, अर्धी एका भागावर, अर्धी दुसऱ्यावर. पेडल हललं तशी सळईच्या पिनपाशी रेघ तुटली, म्हणजे पिन भोकात आधी सरकली आणि मग सळईला कळलं की आपल्याला ओढतायत. मग नळी. ती फिरायला हवी होती. ती आधी वर उचलली गेली, गोळ्यावर चढल्यासारखी, आणि मग फिरली. मग केबलचा योक. तिथली पिन लंबगोल झालेल्या भोकात चांगली मिलिमीटरभर चालली. आणि या सगळ्यानंतर, दादाचा हात बराच खाली गेल्यावर, फोर्कचं टोक हललं.

“थांब. सोड.”

“सोडलं. काय दिसलं?”

मला उत्तर देता येईना. मी फोर्कचं बाहेर आलेलं टोक दोन बोटांत धरलं आणि पुढे-मागे हलवायचा प्रयत्न केला. निरोगी गाडीत ते थोडं हलायला हवं, कारण बेअरिंग आणि बोटं यांच्यात मोकळी जागा असायला हवी. ते हललंच नाही. पेडल पूर्ण सुटलेलं असताना बेअरिंग बोटांना टेकून होतं.

मग पाऊण इंच कशाचा?

त्या संध्याकाळी मी वहीत एक हिशेब मांडला, आणि क्लचबद्दल जे काही मला कळलं आहे त्यातला बहुतेक भाग त्याच हिशेबात आहे. समजा पेडलपासून बेअरिंगपर्यंत एकूण गुणोत्तर दहास एक आहे, म्हणजे पेडल १० मिलिमीटर गेलं की बेअरिंग १ मिलिमीटर जातं. हे दहा दोन टप्प्यांत येतात असं धरू: पेडलपासून केबलपर्यंत पाच पट आणि पुढे फोर्कमध्ये दोन पट. आता केबलच्या आसपास कुठल्याही पिनमध्ये १ मिलिमीटर ढिलाई आली तर पेडलपाशी ती पाच पट होऊन दिसते, ५ मिलिमीटर. तीन सांध्यांत एकेक मिलिमीटर म्हणजे पेडलवर १५ मिलिमीटर. पाऊण इंच म्हणजे १९. बेअरिंगच्या खऱ्या मोकळीकीला उरले ४ मिलिमीटर, आणि तेही पेडलपाशी मोजलेले. बेअरिंगपाशी ते ०.४ मिलिमीटर. प्लेटचं अस्तर थोडं झिजलं की तेही संपलं.

पट्टीला यातलं काही कळत नाही. ती पेडलची रिकामी चाल मोजते. ती चाल बेअरिंगच्या मोकळीकीतून आली आहे की झिजलेल्या पिनांमधून, हे तिला दिसत नाही. आम्ही दर वेळी पाऊण इंच मोजत होतो आणि त्यातला जवळजवळ सगळा पाऊण इंच झिजेचा होता.

दुसरी गोष्ट मला त्याहून जास्त चटका लावून गेली. प्लेटचं अस्तर झिजतं तसं प्रेशर प्लेट फ्लायव्हीलकडे (इंजिनाला जोडलेल्या जड चाकाकडे) सरकते, तिची बोटं मागे येतात, बेअरिंगच्या जवळ. म्हणजे प्लेट झिजली की फ्री प्ले कमी होतो. सांधे झिजले की तो वाढतो. दोन्ही झिजा बरोबरीने चालल्या तर पेडलवर काहीच बदल दिसत नाही. म्हणजे नुसत्या वापराने जो आकडा ढळायला हवा होता, तो या दोन झिजांनी जागेवर धरून ठेवला होता, आणि जेव्हा ढळला तेव्हा आम्ही केबलने तो परत जागेवर आणला. वहीत ओळीने पाऊण इंच लिहिलेला बघून मला बरं वाटायचं. एक आकडा इतका स्थिर कसा राहतो असा प्रश्न तेव्हाच पडायला हवा होता.

मग मधली जागा का नव्हती, तेही उलगडलं. झिजलेल्या साखळीत बेअरिंगला खरी मोकळीक दिली तर पेडलची इतकी चाल वाया जाते की खाली फ्लोअर लागेपर्यंत प्लेट पूर्ण सुटत नाही, गिअर ओरडतो. प्लेट पूर्ण सुटेल असं लावलं तर बेअरिंग कायम बोटांवर बसून राहतं, क्लच घसरतो आणि बेअरिंग भाजतं. केबलच्या आट्यांनी यातलं एकच मिळू शकतं. दोन्ही हवं असेल तर पिना आणि भोकं यांच्याकडेच जावं लागतं.

गुणोत्तराचा हा हिशेब आणखी एक सांगतो. पेडलच्या शाफ्टमधली १ मिलिमीटर ढिलाई पेडलपाशी फारशी वाढत नाही. तीच ढिलाई जितकी क्लचच्या जवळ, तितकी महाग. पण आपण बघतो नेमकं उलट. पेडल डुगडुगतं ते डोळ्यांना दिसतं, पायाला जाणवतं, म्हणून आधी पेडलचा बुश (शाफ्टभोवतीचं कडं) बदलतो. मी स्वतः बदलला होता, अख्खा दिवस घालवून. त्याने पेडलची डुगडुग गेली आणि गिअर होता तसाच ओरडत राहिला.

साखळी उघडली तेव्हा केबलच्या योकमध्ये पिन नव्हती. पिनच्या जागी बोल्ट होता, साधा, संपूर्ण लांबीला आटे असलेला. आट्यांचा बोल्ट सांध्यात घातला की तो कानशीसारखा काम करतो: भोकाला फक्त आट्यांच्या टोकांचा आधार असतो, सगळा भार त्या बारीक कडांवर येतो आणि त्या कडा भोक खात जातात. भोक गोलाचं लंबगोल आपल्याच क्लच दाबण्याच्या दिशेने होतं. त्या बोल्टच्या डोक्यावर ‘एफ’ नव्हता, विलीजचंही काही नव्हतं. कोणीतरी कधीतरी वाटेत अडकला असेल, स्प्लिट पिन तुटून मूळ पिन पडून गेली असेल आणि हाताशी होतं ते त्याने घातलं असेल. गाडी त्या बोल्टवर घरी पोहोचली असणार. मी त्याला नावं ठेवणार नाही. चूक बोल्ट घालण्यात नव्हती. तो नंतर कोणीच काढला नाही, ही चूक, आणि त्या ‘कोणीच’मध्ये आता दोन वर्षं आम्हीही होतो.

सैन्याच्या पुस्तकात या कामाची वाटणी ज्या तऱ्हेने केली आहे ती मला फार शहाणी वाटते. रोजचं बघणं ड्रायव्हरचं: पेडलची चाल, आवाज, गळती. दुरुस्ती तुकडीतल्या मेकॅनिकची, आणि त्याच्यासाठी दर १,००० मैलांना आणि दर ६,००० मैलांना करायच्या तपासण्यांची यादी. चालवणाऱ्याने काय जाणवलं ते सांगायचं, उघडून बघणाऱ्याने काय दिसलं ते सांगायचं. आमच्याकडे दादाला जाणवत होतं आणि तोच केबल फिरवत होता. माझ्यापर्यंत तक्रार येईपर्यंत त्याने ती मिटवलेली असायची.

लंबगोल भोकावर दोन उपाय केले जातात. एक म्हणजे त्याहून जाड पिन घालणं. तो करू नये. भोक गोल नसतं, जाड पिन त्यात दोन ठिकाणीच टेकते आणि काही महिन्यांत पुन्हा तेच. दुसरा म्हणजे भोक वेल्डिंगने भरून मूळ मापाला पुन्हा पाडणं, किंवा मोठं पण नेमकं गोल करून त्यात कडक बुश बसवणं आणि मूळ मापाची, कडक केलेली, गुळगुळीत पिन घालणं. आम्ही बुश बसवले. पिन भोकात अंगठ्याच्या दाबाने जायला हवी आणि खुळखुळायला नको. तेल लावलेली नवी पिन नव्या बुशात सरकताना जो बारीकसा अडसर लागतो, त्याच्याइतकं समाधान मला या गाडीत दुसऱ्या कशात मिळालेलं नाही.

आडव्या नळीचे दोन्ही गोळे बदलले. जुन्या गोळ्यांची एक बाजू सपाट झाली होती, जणू कोणी चाकूने काप काढला. आत ग्रीस होतं, पण खडीसारखं कडक. फेल्ट नव्हतेच. फेल्ट गेले की वाळू आत, वाळू आणि ग्रीस मिळून घासायची पेस्ट, आणि मग गोळा किती टिकणार! फेल्टची एक चकती हातात घेतली तर ती काहीच वाटत नाही. तरी या साखळीतल्या सर्वांत महागड्या झिजेला तीच अडवते.

इंजिनाचं माउंटिंग हा मुद्दा मी जवळजवळ विसरले असते. दादाने आठवण दिली. “क्लच सोडताना गाडी थरथरते, ते कशात मोडतं?” तो म्हणाला. या गाडीत इंजिनाच्या मागच्या बाजूपासून चॅसिसच्या आडव्या पट्टीपर्यंत एक छोटी स्टे केबल असते. क्लच दाबला की इंजिनाला पुढे सरकायची ओढ लागते, ती ओढ ही केबल अडवते. आमची लोंबत होती आणि रबरी माउंटिंग बसकी झाली होती. दादाने पेडल दाबलं आणि मी बेल हाउसिंगवर हात ठेवला तर अख्खं इंजिन पुढे गेलं. म्हणजे पेडलची काही चाल क्लच सोडवण्यात नव्हे, इंजिन ढकलण्यात जात होती. उलट क्लच पकडायला लागला की इंजिन मागे झुलतं, झुलताना साखळीचं अंतर बदलतं, क्लच किंचित सुटतो, मग पुन्हा पकडतो. ती थरथर. प्लेटवर तेल असलं, फ्लायव्हीलवर भाजल्याचे निळे डाग असले तरी थरथर येते, म्हणून लोक आधी गिअरबॉक्स उतरवतात. आधी स्टे केबल बघावी. तिला फक्त ढिलाई जाईल इतकंच ताणायचं. वीणेच्या तारेसारखी ताणली तर इंजिन रबरावर मोकळं राहत नाही आणि त्याची सगळी कंपनं चॅसिसमध्ये उतरतात.

याच्याच शेजारची एक गोष्ट. इंजिन रबरावर असल्यामुळे त्याला बॅटरीचा अर्थ (विजेची परतीची वाट) मिळतो तो वेगळ्या पट्टीने. ही गाडी सहा व्होल्टची, स्टार्टरचा प्रवाह मोठा. ती पट्टी तुटली किंवा गंजली तर तो प्रवाह दुसरी वाट शोधतो आणि क्लचच्या नळी-केबलमधून जातो. पिनांवर बारीक भाजल्यासारखे खड्डे दिसले तर आधी अर्थची पट्टी बघा.

एवढं करून आम्ही थांबलो असतो तर क्लच बराच सुधारला असता. पण बेअरिंग दोन वर्षं बोटांवर बसून फिरलं होतं आणि ते आता बोलत होतं. क्लचचे आवाज ओळखायला सोपे आहेत. पेडलवर पाय हलकाच ठेवल्यावर किरकिर सुरू झाली तर रिलीज बेअरिंग. पेडल सुटलेलं असताना गुरगुर आणि दाबल्यावर बंद, तर गिअरबॉक्सचं पुढचं बेअरिंग. पेडल पूर्ण दाबून गाडी गिअरमध्ये उभी असताना चीं असा आवाज, तर क्रँकशाफ्टच्या टोकातला, गिअरबॉक्सच्या शाफ्टला टेकू देणारा पायलट बुश. हा पायलट बुश मोठा फसवा आहे. तो कोरडा पडून शाफ्टला चिकटायला लागला तर साखळी निर्दोष, प्लेट पूर्ण सुटलेली, आणि तरी शाफ्ट इंजिनाबरोबर फिरत राहतो, गिअर ओरडतो. जगातल्या कुठल्याही ॲडजस्टमेंटने तो बरा होत नाही.

आमचं पहिल्या प्रकारचं होतं. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा) एकत्र खाली घेतले. त्या कामाबद्दल लिहिण्यासारखं फार नाही, ते जड आहे आणि त्याला दोन माणसं आणि धीर लागतो. बेल हाउसिंगच्या आतली काळी धूळ मात्र हवेच्या झोताने उडवू नका. जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असायचं आणि ती धूळ फुप्फुसातून परत निघत नाही. ओल्या फडक्याने पुसायची, फडकं पिशवीत बंद करून टाकायचं, तोंडाला नीट मास्क.

बेअरिंगचा चेहरा निळा पडला होता. तीन बोटांची टोकं वेगवेगळ्या उंचीवर झिजली होती, त्यामुळे प्लेट एका बाजूने आधी सुटत असणार. आणि फोर्क. फोर्कच्या ज्या खळगीत तो गोळा बसतो ती खळगी इतकी खोल गेली होती की पलीकडचा पत्रा कागदासारखा वाटत होता. मी फोर्क उजेडासमोर धरला. दादाने हातात घेतला, खळगीत अंगठा घातला आणि बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “हे मला पायाला कळायला हवं होतं.” मी म्हटलं, “कसं कळणार? तुझा पाय पाऊण इंचाला सरावला होता.”

फोर्क, बेअरिंग, पायलट बुश नवे घातले. प्लेटच्या रिव्हेटांवर अजून अस्तर होतं, पण गिअरबॉक्स खाली असताना प्लेटवर काटकसर करू नये असं माझं मत आहे, म्हणून तीही नवी. बोटांची उंची गेजने एकसारखी लावली. त्यात दुपार गेली आणि तिसरं बोट लावेपर्यंत पहिलं पुन्हा हललेलं असायचं. घाई केली असती तर सगळं नवं घालूनही क्लच एका कडेने सुटला असता.

सगळं वर चढवल्यावर आधी पेडलकडे गेलोच नाही. मी खाली झोपले, फोर्कचं टोक बोटांत धरलं आणि केबल इतकी सैल ठेवली की बेअरिंगची मोकळीक हाताला स्पष्ट लागावी. ती नीट आल्यावर लॉकनट आवळला, नवा, अजून सहाही कोपरे धारदार असलेला. मग वर हाक मारली.

“दादा, आता पट्टी लाव.”

“पाऊण इंच,” तो म्हणाला. आणि क्षणभराने, “पण हा वेगळा लागतोय गं. मधे काहीच नाही. एकदम जड होतंय.”

ते वेगळं लागणं मलाही खालून दिसत होतं. पांढऱ्या रेघांपैकी एकही तुटली नाही. पेडल, सळई, नळी, केबल, फोर्क, सगळं एकाच वेळी हललं. दहा मोजून रिव्हर्स टाकला. बसला. मग पाचच मोजून टाकला, तोही बसला. दादाने तो पंधरा-वीस वेळा टाकून बघितला असेल, मी मोजायचं सोडून दिलं.

वहीत आता दोन रकाने आहेत. पहिल्यात पेडलची चाल, दुसऱ्यात फोर्कची मोकळीक. पहिल्या शंभर मैलांनंतर मोजलं तेव्हा पेडलपाशी पाऊण इंचाहून दोन रेघा कमी आणि फोर्कपाशीही त्याच प्रमाणात कमी भरलं. दोन्ही एकत्र कमी झालं, म्हणजे नवी प्लेट आपली जागा घेते आहे आणि सांधे जिथल्या तिथे आहेत. केबल अर्धा फेरा सैल केली, नट आवळला, तारीख लिहिली.